ओला भाग वर

आम्हांला जुन्या मोटारींचा नाद आहे आणि तो घरातूनच आला. अब्बा साताऱ्यात टॅक्सी चालवीत. गाडी फियाट, कागदावर प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीची. हंगामात मेढ्यावरून केळघरचा घाट चढून ते महाबळेश्वरला प्रवासी न्यायचे आणि पावसाळ्यात प्रवासी नसले की गाडी खोलून बसायचे. त्यांना पाने उचलून देता देता आम्ही मोठे झालो. कोणत्या आवाजाला घाबरायचे आणि कोणत्या आवाजाकडे दुर्लक्ष करायचे, हे आम्ही शाळेत जायच्या आधी शिकलो होतो.

त्यामुळे जुनी गाडी घेणे हे गरिबीचे लक्षण आहे, असे आम्हांला कधी वाटले नाही. चालणारी वस्तू केवळ जुनी झाली म्हणून टाकून देणे हा एक प्रकारचा इस्राफ आहे, असेच आम्ही मानत आलो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. याचा अर्थ एवढाच, की नीट सांभाळलेली गाडी एका मालकाच्या हौसेपेक्षा जास्त जगते. ती दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या दारात जाते. ज्याला नवी परवडत नाही त्याची पोरे तिच्यातून शाळेला जातात, आजारी माणूस दवाखान्यात पोचतो.

जुनी गाडी कशी पाहावी, हे आमच्याकडे विचारायला लोक येतात. आम्ही सांगतो, सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाने तुमच्या आधीच गाडी सुरू करून ठेवली असेल, तर का ते विचारा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जाते आहे. दाराची खालची कड बोटाने चाचपा, कार्पेट उचला, सीटखालचे बोल्ट पाहा. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी आत गुंडाळून राहिलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ पुष्कळदा राहून जाते.

ही शेवटची परीक्षा आम्ही अनेकांना शिकवली आहे. एकदा मात्र विकणारे आम्ही होतो. समोरच्याला ती परीक्षा माहीत नव्हती आणि आम्ही ती शिकवली नाही. आज लिहायचे आहे ते त्याविषयी.

ऑगस्ट २०१९चा सांगलीचा महापूर वाचकांना आठवत असेल. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट धरतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५चा पूर पाहिलेल्या माणसांनाही इतक्या पाण्याची कल्पना नव्हती. आमच्या आपा सांगलीत राहतात. आमची एक छोटी पेट्रोल गाडी त्यांच्याकडे वापरायला होती. आपा आणि मुले वेळेवर बाहेर पडली, अल्लाहचे आभार. गाडी दारातच राहिली. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा सीटवर गाळ बसलेला होता आणि डॅशबोर्डच्या निम्म्यावर एक सरळ मातकट रेघ उमटली होती. विमा होता, पण कायद्यापुरता, तिसऱ्या पक्षाचा. त्यातून एक पैसा मिळणार नव्हता.

गाडी ओढून आणली. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने ती सगळी मोकळी केली. सीट, कार्पेट, दारांचे आतले पत्रे काढून उन्हात टाकले. इंजिनमधले पाणी काढले, तीनदा तेल बदलले, वायरिंगची सॉकेटे एकेक करून पुसली. मिस्त्री आमच्या जमातीतलाच आणि हाताचा फार चांगला. दिवाळीच्या सुमारास गाडी सुरू झाली. आत नवी सीट-कव्हरे, नवे कार्पेट, वर अत्तराची बाटली. गाडी पूर्वीपेक्षा देखणी दिसत होती.

मिस्त्री तेवढे बोलला, “भाईजान, चालेल. पण वायरिंगचं मी काही सांगत नाही. ओल कुठं बसलीय ते सहा महिन्यांनी कळतं.”

आम्ही ती विकायला साताऱ्यात आणली. का आणली, हे आता स्पष्ट सांगायला हवे. सांगलीत त्या वर्षी जुन्या गाडीबद्दल पहिला प्रश्न पुराचाच निघत होता. साताऱ्यात तो प्रश्न थोडा दूर होता. त्या वेळी मनाशी आम्ही म्हणालो, साताऱ्यात ओळखी जास्त, भाव बरा येईल. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून तर मन शांत राहिले.

जानेवारी २०२०मध्ये पुसेगावकडचा एक तरुण गाडी पाहायला आला. शेतकरी घरातला, विनयशील. आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा साताऱ्याला आणावे लागे, एस.टी.चा प्रवास तिला झेपत नव्हता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, आत बसला, स्टेअरिंगवर हात फिरवला. नंबर पाहून म्हणाला, “चाचा, गाडी सांगलीची दिसतीया?”

आम्ही म्हणालो, “हो, आमच्या बहिणीकडे असायची.”

तो क्षणभर थांबला. आम्हीही थांबलो. मिस्त्री शेजारी उभा होता, त्याने हातातल्या फडक्याकडे पाहिले. मग त्या तरुणाने किंमत विचारली. आम्ही सांगितली, थोडी घासाघीस झाली, पैसे मोजून झाले. आर.टी.ओ.च्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. त्या फॉर्मांत मालकाचे नाव, पत्ता, इंजिन नंबर, चासी नंबर सगळे विचारतात. गाडी पाण्यात बुडाली होती का, हे विचारत नाहीत.

आम्ही एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. त्या रात्री आम्हांला हेच पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावे लागले.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. आईला घेऊन रात्री परत जाताना वर्धनगडच्या घाटात गाडी बंद पडली होती. दिवे, इंजिन, सगळे एकदम. पाठीमागून आलेल्या ट्रकवाल्याने बॅटरीच्या उजेडात त्यांची गाडी कडेला घेतली. आई सुखरूप होती. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने फक्त विचारले, “चाचा, तुमच्याकडं असताना असं कधी व्हायचं का?”

आता गप्प राहणे शक्य नव्हते. आम्ही सांगितले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला घेऊन आम्ही पुसेगावला गेलो. गाडी परत घेऊन सगळे पैसे देतो म्हणालो. त्याने नको म्हटले; दुसरी गाडी शोधायला त्याला वेळ नव्हता. मग वायरिंगचा पूर्ण नवा संच आमच्या खर्चाने टाकला आणि किमतीतला फरक त्याला परत दिला. निघताना तो जे बोलला ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणाला, “चाचा, तुम्ही आधी सांगितलं असतं तरी मी गाडी घेतलीच असती, थोडी कमी पैशात. फक्त आईला घेऊन रात्रीचा निघालो नसतो.”

या वाक्यापाशी आम्ही आजही अडतो. ऐब लपवणे म्हणजे समोरच्याचे चार पैसे खाणे, अशी आमची समजूत होती. पैसे परत केले की हिशेब मिटतो, असेही वाटत होते. पण त्या तरुणाचा हिशेब पैशांचा नव्हताच. कधी निघायचे, कुठल्या रस्त्याने जायचे, सोबत कुणाला घ्यायचे, हे ठरवायला त्याला एक गोष्ट माहीत असायला हवी होती. ती आमच्यापाशी होती आणि ती आम्ही ठेवून घेतली.

मग प्रश्न पडतो, गप्प राहणे हा गुन्हा आहे का?

देशाचा कायदा याला सरसकट गुन्हा म्हणत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते. त्यात उदाहरणे दिली आहेत, तीही एका घोड्याची. एक माणूस आपला सदोष घोडा लिलावात विकतो. दोष त्याला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. मात्र घेणारी व्यक्ती त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, की तू नाही म्हटले नाहीस तर घोडा चांगला आहे असे मी धरतो, तर तिथे विकणाऱ्याचे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच आहे.

हे कलम वाचताना आम्हांला आमच्या साताऱ्यातल्या अंगणातला तो क्षण दिसतो. ‘गाडी सांगलीची दिसतीया?’ असे म्हणून तो तरुण थांबला होता. त्या वर्षी त्या प्रश्नाचा दुसरा अर्थ नव्हता. आमचे गप्प राहणे हेच उत्तर होते आणि ते खोटे होते. कायद्याच्या तिसऱ्या उदाहरणात आम्ही बसतो की पहिल्या, यावर वकील वाद घालतील. आम्हांला मात्र मधले उदाहरण जास्त बोचते. मुलगी असेल तर सांगायचे आणि परका असेल तर नाही, अशी रेघ कायद्याने ओढली. ती गाडी आम्ही आपांच्या मुलीला दिली असती तर तिला वायरिंगचे सांगितले नसते का? शंभर वेळा सांगितले असते. रात्री घाटात जाऊ नकोस म्हणून बजावले असते. त्या तरुणाची आई कुणाची तरी आपाच होती.

दीनमध्ये ही रेघ नाही. सहीह मुस्लिममधली धान्याच्या राशीची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी जुम्म्याच्या बयानात ऐकलेली असते. पैगंबर (स.) बाजारातून जात असता एका राशीत त्यांनी हात घातला आणि बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने सांगितले, पाऊस लागला होता. त्यावर पैगंबरांनी (स.) त्याला विचारले ते असे, की मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता. आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावले.

ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकली, पण तिच्यातली एक बाब पूर आल्यावर कळली. धान्य भिजले यात त्या व्यापाऱ्याचा दोष नव्हता. पाऊस अल्लाहचा. भिजलेले धान्य विकू नकोस, असेही त्याला सांगितले गेले नाही. एवढेच सांगितले, की ओला भाग वर ठेव. सांगलीकरांना हे समजायला अवघड नाही. हळदीच्या सौद्यात व्यापारी राशीत हात घालूनच माल पाहतो. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी रीत होती; २००५च्या महापुरात त्या पेवांचे फार मोठे नुकसान झाले. पाणी कुणाच्या मालात शिरेल हे कुणाच्या हातात नसते. माल कसा मांडायचा हे मात्र हातात असते. आमच्या गाडीची नवी कव्हरे, नवे कार्पेट आणि अत्तराची बाटली हा राशीवरचा सुका थर होता.

दुसरी एक हदीस दुभत्या जनावराची आहे. विकायच्या आधी धार न काढता कास तुंबवून ठेवू नका, असा तिचा हुकूम आहे. आणि असे जनावर कुणी घेतलेच, तर त्याला तीन दिवसांची मुभा आहे, ठेवावे किंवा परत करावे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत किंवा खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घेणारा शेतकरी दात मोजल्याशिवाय पुढे बोलत नाही. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला, हा हिशेब त्याला पाठ असतो. बैलाचे वय बैलाच्या तोंडात असते, ते मागे फिरवता येत नाही. मोटारीचे वय काचेखालच्या आकड्यात असते आणि तो आकडा मागे फिरवून देणारी माणसे असतात. किलोमीटर मागे फिरवणे म्हणजे कास तुंबवणेच. दोन्हीत वस्तूकडून खोटे बोलवून घ्यायचे आणि आपण मोकळे राहायचे.

इथे आमचे काही मित्र, जे या धंद्यात आहेत, हरकत घेतात. त्यांच्या हरकती हलक्या नाहीत. आपल्या समाजातली किती घरे गॅरेजवर, डेंटिंग-पेंटिंगवर, गाड्यांच्या दलालीवर चालतात हे आम्हांला माहीत आहे.

ते म्हणतात, घेणाऱ्याला डोळे आहेत, त्याने पाहून घ्यावे. अब्बांच्या पद्मिनीच्या काळात हे काहीसे खरे होते. तिचा कार्बोरेटर, पॉइंट, प्लग सगळे उघड्यावर. बिघाड असला की आवाज यायचा, वास यायचा. ती पाण्यात बुडाली तर वाळवून पुन्हा उभी राहायची, नाही तर राहायची नाही. त्याच आठवड्यात कळायचे. आताच्या गाडीत इंजिनचे डोके एका बंद डबीत असते आणि हिरवा गंज सॉकेटच्या आत महिनोन्‌महिने मुकाट्याने वाढतो. घेणाऱ्याला जितके कमी दिसते, तितके विकणाऱ्याने जास्त बोलायला हवे. डोळ्यांचे काम आता जिभेवर आले आहे.

ते म्हणतात, आम्ही ‘जशी आहे तशी’ म्हणूनच विकतो. हनफी फिकहमध्ये सर्व दोषांची जबाबदारी नाकारून केलेला व्यवहार वैध धरला आहे, हे खरे. पण माहीत असलेला ऐब लपवणे हलाल नाही, हेही त्याच मजहबच्या आलिमांनी लिहून ठेवले आहे. जे आपल्यालाच ठाऊक नाही त्याच्यासाठी ती शर्त एक आधार आहे. जे ठाऊक आहे त्यावर झाकायचे ते कापड नव्हे.

आणि ते म्हणतात, आम्ही सांगू, शेजारचा सांगणार नाही; गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल. याला आमच्याकडे उत्तर नाही. असे होते. अब्बांनी पद्मिनी विकायला काढली तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाला त्यांनी सांगितले, की घाट उतरताना ती तिसऱ्या गिअरमधून सुटते. तो उठून गेला. अम्मी चिडल्या, “विचारलं तरी होतं का त्यानं?” अब्बा म्हणाले, “विचारलं नाही, म्हणूनच सांगितलं.” चार महिन्यांनी गाडी बरीच कमी किमतीला गेली. त्या वर्षी आमच्या घरात ईदचे कपडे शिवले गेले नाहीत. खरे बोलल्याने पुढे काही मोठा फायदा झाला, अशी गोष्ट आमच्याजवळ नाही. नुकसान झाले आणि ते अब्बांनी सोसले, एवढेच.

इमाम अबू हनीफा कापडाचे व्यापारी होते. त्यांची एक गोष्ट सांगतात. त्यांच्या भागीदाराने एक सदोष कापड दोष सांगायचे विसरून विकले. गिऱ्हाईक कोण होते ते पुन्हा सापडले नाही. तेव्हा इमामांनी त्या विक्रीची सगळी रक्कम सदका केली. फक्त दोषापुरता फरक नाही, सगळी रक्कम. पूर्वी आम्हांला यात थोडी अतिशयोक्ती वाटायची. वर्धनगडच्या घाटानंतर वाटत नाही. ऐब न सांगता घेतलेल्या पैशात आपला किती आणि दुसऱ्याचा किती, हे वेगळे करता येत नाही.

कायदाही आता थोडा पुढे सरकला आहे. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांना नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकृत होण्याचा नियम आला आणि ताब्यातली गाडी कुठे कशासाठी फिरवली याची नोंद ठेवण्याचे बंधन आले. चांगले झाले. पण अंगणात दोन माणसे उभी आहेत आणि एक प्रश्न विचारून थांबला आहे, तिथे कोणता अधिकारी येणार?

मिस्त्रीला आम्ही नंतर एकदा विचारले, “तू का बोलला नाहीस?” तो म्हणाला, “भाईजान, गाडी तुमची होती. पण त्यानं मला विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का, हे मलाही माहीत नाही.” आम्हांला त्याला दोष देता आला नाही. ज्याची मजुरी आमच्याकडून यायची, त्याच्या तोंडाला कुलूप आम्हीच घातले होते. कारागिराला गप्प करणे हाही त्याच गुन्ह्याचा भाग आहे.

मुंबईतली शेवटची नोंदलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या बातमीने अब्बांची आठवण झाली. आमचा जुन्या गाड्यांचा नाद गेलेला नाही. अजून घेतो, दुरुस्त करतो, कधी विकतोही. आता मात्र विकताना एक कागद लिहितो. काय बदलले, काय बदलायचे राहिले, कुठे ठोकर बसली, कशाचा भरवसा नाही, सगळे ओळीने. मिस्त्रीची सही घेतो, खाली आमची करतो आणि किंमत सांगायच्या आधी तो समोरच्याच्या हातात देतो. दोन गिऱ्हाइके तो वाचून निघून गेली.

पुसेगावच्या तरुणालाही आम्ही तसा कागद करून दिला होता. २०१९च्या पुरात गाडी बुडाली होती, असे त्यावर पहिल्याच ओळीत लिहिले आहे. तो ती गाडी आज ना उद्या विकेल. तेव्हा तो कागद गाडीसोबत पुढे जाईल की घडी घालून घरातच राहील, हे आम्ही त्याला विचारू शकत नाही. विचारण्याचा हक्क आम्ही त्या अंगणात गमावला आहे.